दारूची लंका आणि सुरक्षित अंतर

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातले रोहिणखेड हे गाव वऱ्हाडचा सखल पयानघाट जिथे संपतो आणि बालाघाटाची चढण जिथे सुरू होते, त्या डोंगरपायथ्याशी आहे. खानदेशातून दख्खनच्या पठारावर चढणारी वाट इथून जाते. एरवी कोणाच्या ध्यानात राहू नये एवढे हे गाव, पण या वाटेमुळे ते मध्ययुगीन इतिहासात दोनदा येते. १४३७ मध्ये बहामनी सेनापती खलफ हसन बसरी याने खानदेशच्या नसीरखानाचा इथे पराभव केला. पुढे १५९१ मध्ये (जुन्या गॅझेटिअरमध्ये हे साल १५९० असे आहे) बुऱ्हाण निजामशहाने खानदेशच्या राजा अलीखानाच्या मदतीने अहमदनगरचा सर्वेसर्वा बनलेल्या जमालखान महदवीला इथेच गाठले. गोळी लागून जमालखान पडला आणि लढाई संपली. त्याच्या पक्षातल्या खुदावंतखानाने १५८२ मध्ये बांधलेली मशीद या गावाच्या त्या काळाची खूण आहे.

या दोन लढायांमधल्या दीडशे वर्षांत बंदुकीच्या दारूने दख्खनमध्ये पक्के बस्तान बसवले. मी इतिहासाकडे वळलो तो रसायनशास्त्र शिकवता शिकवता, त्यामुळे कोण जिंकले यापेक्षा जमालखानाला लागलेल्या गोळीमागच्या पदार्थाचे मला अधिक कुतूहल आहे. सोरा, गंधक आणि कोळसा. याच तीन वस्तूंची दारू त्याच काळात त्याच मुलखात दुसऱ्याही कामी येत होती. एकनाथांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ १५७१ मध्ये पूर्ण झाले, म्हणजे रोहिणखेडच्या दुसऱ्या लढाईच्या वीस वर्षे आधी. विदर्भाच्या राजकन्येच्या त्या लग्नसोहळ्यात शोभेच्या दारूचे वर्णन येते. पौराणिक लग्नात कवीने आपल्या काळची आतषबाजी आणून ठेवली, हे उघडच आहे. भांडारकर संस्थेतले संशोधक परशुराम कृष्ण गोडे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या भारतातील आतषबाजीच्या इतिहासात या नोंदीकडे लक्ष वेधले आहे.

‘शोभेची दारू’ हा आपला शब्द मोठा फसवा आहे. शोभा हा दारूचा गुण नव्हे. तो वापरणाऱ्याचा हेतू झाला. सोऱ्याला हेतू कळत नाही. लग्नमंडपापुढे ठेवली काय आणि तोफेत ठासली काय, त्याची प्रक्रिया तीच. म्हणून करमणुकीसाठी किंवा शिकवण्यासाठी केलेला धमाका खऱ्या अर्थाने सुरक्षित असू शकतो का, या प्रश्नाचे उत्तर पदार्थात शोधून मिळत नाही. ते शोधावे लागते मांडणीत.

मांडणीचा एक उत्तम नमुना गोड्यांनीच ‘पेशव्यांच्या बखरी’तून दाखवून दिला आहे. महादजी शिंदे पुण्यास असताना, म्हणजे १७९२ ते १७९४ च्या दरम्यान, त्यांनी सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचे वर्णन ऐकवले. तिथला राजा दिवाळीत राजधानीबाहेर दारूची लंका रचून ती पेटवतो, हे ऐकून तरुण पेशव्याला तसाच देखावा पाहण्याची हौस झाली. महादजींनी दारूकाम करणारे जमवले, सामान तयार करवले आणि अंधाऱ्या रात्री पर्वतीच्या पायथ्याशी लंका जळाली. पेशवे, नाना फडणीस आणि सरदार मंडळींनी ती पर्वतीवरून पाहिली. पुणेकरांनी टेकडीच्या उतारावर दुरून पाहिली. बखरीतला प्रत्येक तपशील जसाच्या तसा इतिहास मानू नये. पण त्यातल्या दोन गोष्टी कोणाही जाणकाराला पटतील. कोट्यात लंका शहराबाहेर होती आणि पुण्यात प्रेक्षक लांब व उंचावर होते. रसायनशास्त्राचा गंध नसलेल्या लोकांना अंतराचे शास्त्र चांगले अवगत होते.

याच्या चार-पाच वर्षे आधी फ्रान्समध्ये मात्र रसायनशास्त्रातल्या सर्वांत मोठ्या माणसांकडून अंतराचा हिशोब चुकला होता. बर्थोले याने नवाच क्षार शोधला होता. आज आपण त्याला पोटॅशियम क्लोरेट म्हणतो. सोऱ्याऐवजी हा क्षार घातला तर दारू अधिक जोरकस होईल अशी कल्पना निघाली. २७ ऑक्टोबर १७८८ रोजी एसोन येथील दारूच्या कारखान्यात ती कुटून दाखवण्याचा प्रयोग ठरला. पाहायला स्वतः बर्थोले, लाव्हाझिए आणि त्यांची पत्नी हजर होती. संरक्षणासाठी लाकडी फळ्यांचा आडोसाही उभारला होता. मंडळी न्याहारीसाठी गेली. परतताना कारखान्याचे प्रमुख आणि एक तरुणी इतरांच्या पुढे होते. तेवढ्यात स्फोट झाला. ते दोघे गेले. मागे राहिलेले वाचले. लाव्हाझिए वाचला तो ज्ञानामुळे नव्हे, काही पावलांच्या अंतरामुळे.

माहिती असली म्हणजे माणूस सावध होतो, हा समज पुढच्या पिढीनेही खोटा ठरवला. द्यूलाँग या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८११ मध्ये नायट्रोजन ट्रायक्लोराइड हे तेल तयार केले आणि त्यापायी एक डोळा व हाताची बोटे गमावली. ही हकीकत अँपियरच्या पत्रातून लंडनला हंफ्री डेव्हीपर्यंत पोहोचली. ती वाचूनही डेव्हीने तोच पदार्थ करून पाहिला आणि १८१२ च्या अखेरीस त्याच्याही डोळ्याला इजा झाली. लिहिता येईना म्हणून काही दिवस लेखनिक हवा होता. त्या कामावर आलेला बुकबाइंडर तरुण म्हणजे मायकेल फॅरेडे. पुढे १८२५ पासून रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी नाताळची व्याख्याने सुरू झाली. तिथे फॅरेडेने सर्वांत गाजवलेला विषय मेणबत्तीचा होता, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. ज्याला धमाक्यामुळे विज्ञानाचे दार उघडले, त्याने मुलांपुढे ठेवली ती शांत ज्योत.

एसोनच्या क्षाराची कथा मात्र आपल्या स्वयंपाकघरात येऊन संपते. सेफ्टी मॅचच्या काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट असते आणि तांबडा फॉस्फरस पेटीच्या बाजूवर. दोन्ही एकत्र मिसळले तर नुसत्या घर्षणाने भडका उडतो, म्हणून स्वीडनच्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांची फारकत केली. काडी ओढली की क्षणभर कणभर भेट, एवढेच. पदार्थ तेच, धोका तोच. ‘सेफ्टी’ आहे ती दोघांमधल्या अंतरात. क्लोरेट आणि गंधक यांचे मिश्रण फटाक्यांत वापरण्यावर आपल्या सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली. एसोनच्या अपघातापासून मोजली तर दोनशे चार वर्षे होतात.

आता शाळेकडे येतो. आपल्याकडे धमाक्याचा सर्वांत परिचित प्रयोग म्हणजे हायड्रोजनची परीक्षा. जस्तावर सौम्य आम्ल टाकायचे, निघणारा वायू परीक्षानळीत धरायचा, जळती काडी तोंडाशी न्यायची. फट् असा आवाज होतो आणि वर्ग हसतो. शुद्ध हायड्रोजन निमूट जळतो; आवाज होतो तो हवा मिसळली म्हणून. हवेत चार ते पंचाहत्तर टक्के हायड्रोजन असला की मिश्रण स्फोटक, म्हणजे बिघडायला वाव भरपूर. तरीही परीक्षानळीतला प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या निभावला, कारण नळी एवढीशी आहे. तीच काडी वायू तयार होत असलेल्या शंकुपात्राच्या नळीशी नेली आणि आत हवा उरलेली असली, की काचेचे तुकडे समोरच्या चेहऱ्यांवर येतात. दोन्हीकडे रसायन एक. फरक आहे तो मात्रेचा आणि अंतराचा.

तेव्हा प्रश्नाचे माझे उत्तर असे. ज्यात काहीच बिघडू शकत नाही असा धमाका नसतो. स्फोट म्हणजेच आपल्या हातातून सुटलेली प्रक्रिया. ती पूर्ण ताब्यात असती तर आवाज झाला नसता. पण प्रयोग बिघडला तरी माणूस बिघडू नये, अशी मांडणी करता येते. मात्रा चिमूटभर, पडदा मजबूत, मुले लांब, जवळ एकच जाणता माणूस आणि त्याच्या डोळ्यांवर चष्मा. शिवाय एक साधी कसोटी आहे: हा आवाज काही शिकवतो का? हायड्रोजनचा ‘फट्’ शिकवतो. केवळ टाळ्यांसाठी केलेला मोठा धमाका शिकवत नाही. तो वगळला तर काही हरवत नाही. भीतीपोटी सगळेच प्रयोग कपाटात बंद करणे मात्र मला मान्य नाही. ज्या मुलाने परीक्षानळीतला आवाज शिक्षकांसमोर ऐकला नाही, ते दिवाळीत फटाक्यांची दारू कागदावर काढून एकटेच करून बघते.

तरी एक हिशोब उरतोच. अंतर प्रेक्षकांसाठी असते; दारू भरणाऱ्याला ते कधीच मिळत नाही. पर्वतीवर कोण कोण बसले होते त्यांची नावे बखरीत आहेत, पायथ्याशी लंका रचणाऱ्या दारूकारांची नाहीत. स्फोटकांच्या सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आज नागपुरात आहे. त्याच नागपूरजवळच्या बाजारगावात १७ डिसेंबर २०२३ रोजी स्फोटकांच्या कारखान्यात नऊ जण गेले, आणि भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी आठ. तिथे नियम होते, तज्ज्ञ होते, पदार्थांचे गुणधर्मही ठाऊक होते. धमाका किती सुरक्षित, हे लांबून पाहणाऱ्याला विचारून कळणार नाही. त्याच्या सर्वांत जवळ कोणाला उभे केले आहे, ते आधी पाहावे लागेल.