कांच खाणारें तेजाब

परवां आमच्या पुतणीनें दोन लहानशा बाटल्या आमच्या मेजावर आणून ठेवल्या व विचारलें, “काका, यांतली कोणती वापरूं?” तिला सहा पेल्यांवर घरच्या घरीं वेलबुट्टी उठवावयाची होती, आणि त्या कामासाठीं बाजारांत जो पांढरा लेप मिळतो त्याचे हे दोन प्रकार होते. एका बाटलीवर घटकांचीं नांवें व विषाची खूण छापलेली. दुसरीवर फुलांचें चित्र आणि ‘अम्लविरहित, पूर्णपणें सुरक्षित’ एवढीच ग्वाही. इतिहास शिकविणाऱ्यास हा प्रश्न विचारणें म्हणजे वैद्याचें काम ज्योतिष्याकडे नेणेंच होय. परंतु या लेपास साडेतीनशें वर्षांचा इतिहास आहे, व तो ध्यानांत घेतल्यास निवड आपोआप होते असें आम्हांस वाटतें.

जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरीं श्वानहार्ट नांवाचें कांचेवर कोरीव काम करणाऱ्यांचें घराणें होतें. त्यांची रीत फिरत्या चाकाची. या घराण्यांतील हाइन्रिख याच्या चष्म्याच्या भिंगावर तेजाबाचा थेंब पडून तें अंधुक झालें, व त्यावरून इ. स. १६७० च्या सुमारास त्यास नवी युक्ति सुचली, अशी आख्यायिका आहे. तो चित्राचा भाग रोगणानें झांकून भोंवतालची कांच तेजाबाकडून खाववी. त्यामुळें आकृति लखलखीत राही व पार्श्वभूमि दुधी होई. पुढें १७२५ सालीं एका जर्मन नियतकालिकांत अशा तेजाबाची कृति छापली गेली. तींत शोऱ्याच्या तेजाबांत हिरव्या पाचूसारख्या दिसणाऱ्या एका खनिजाची पूड घालावयास सांगितलें होतें. हें खनिज म्हणजे फ्लोरस्पार. सारें मर्म त्यांत होतें.

तें मर्म कार्ल शील या स्वीडिश औषधविक्यानें १७७१ सालीं उकलूं लागलें. त्यानें फ्लोरस्पार व गंधकाम्ल एकत्र तापविलें, तों ज्या कांचपात्रांत तें तापविलें तें पात्रच आंतून झिजलें. आज ज्यास हायड्रोफ्लोरिक अम्ल म्हणतात तें हेंच. कांचेंतील वाळूचा अंश, म्हणजे सिलिका, तें वायुरूप करून उडवून लावतें. शील १७८६ सालीं वारला. त्यानंतर थोड्याच काळांत प्युमोरँ नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें याच अम्लानें कांचेवर एक चित्र उठविलें: रसायनविद्या व प्रतिभा शीलच्या थडग्यापाशीं अश्रु ढाळीत आहेत! शोधकाचें स्मारक त्याच्याच शोधानें कोरल्याचें उदाहरण आम्हांस तरी दुसरें ठाऊक नाहीं.

पण हें अम्ल केवळ कांचच खात नाहीं. त्यांतील फ्लोरीन मोकळा करण्याच्या नादांत आयर्लंडचे नॉक्स बंधु आजारानें जर्जर झाले. बेल्जममधील लूये १८५० सालीं व नॅन्सी येथील प्राध्यापक निक्लेस १८६९ सालीं प्राणास मुकले. शेवटीं १८८६ सालीं म्वासाँ यास यश आलें, व १९०६ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें ज्या एमिल गाले याच्या थरांथरांच्या रंगीत फुलदाण्यांनीं युरोपास वेड लाविलें, त्याचा कारखानाही नॅन्सीसच होता, आणि त्या फुलदाण्यांवरील पानेंफुलें उठविण्याचें बरेंच काम हेंच अम्ल करी. एकाच गांवांत त्यानें एकाचा जीव घेतला व दुसऱ्यास कीर्ति दिली.

आतां आमच्या पुतणीच्या बाटल्यांकडे वळूं. आजच्या लेपांत बहुधा अमोनियम बायफ्लोराइडासारखा क्षार असतो. तो कांचेवर तेंच अम्ल सोडतो. शिवाय खाल्लेल्या जागीं बारीक स्फटिक बसतात, ते मधली कांच झांकतात, आणि म्हणून पृष्ठभाग खोल न जातां दुधी होतो. खोल कोरीव काम हवें असल्यास हा लेप निरुपयोगी. परंतु घरांतल्या उष्णमानांत जो लेप चार-पांच मिनिटांत कांच दुधी करतो, त्यांत फ्लोरीनचा क्षार वा अम्ल असणारच. ‘अम्लविरहित’ हा शब्द क्षाराच्या आडून खेळलेला डाव आहे. यांत थट्टेचें कांहीं नाहीं. सौम्य प्रमाणांत हें द्रव्य त्वचेस लागल्यास पुष्कळदां लगेच आगही होत नाहीं. कांहीं तासांनीं वेदना सुरू होतात, आणि तोंवर तें आंत जाऊन शरीरांतील कॅल्शियम धरूं लागलेलें असतें. म्हणून ज्या बाटलीवर घटकांचें नांव आहे तिचाच उपयोग. कारण प्रसंग आलाच तर डॉक्टरास तेंच नांव सांगावयाचें असतें, आणि तेव्हां कॅल्शियम ग्लुकोनेट लागतें, नुसतें मलम नव्हे.

पुतणीनें पहिली बाटली घेतली. रबरी हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी, आणि ओंठ लागतात त्या कडेपासून दोन बोटें खालीं चिकटपट्टीची कोयरी. पहिल्या पेल्यावर पट्टीखालीं लेप शिरला व कोयरीचें टोंक फुटलें. बाकीचे पांच उत्तम उतरले.

दुसऱ्या बाटलींतील लेप आम्हीं हातमोजे घालून एका फुटक्या तावदानावर लावून पाहिला. पांच मिनिटांनीं धुतला, तों खालची कांच दुधी झाली होती.