उकिरड्यातील मोटारींचे अवशेष : ओळख आणि कालनिश्चिती

धाराशिव जिल्ह्याचे नाव काढले की उत्खननाच्या संदर्भात प्रथम आठवते ते तेर, म्हणजेच प्राचीन तगर. तथापि गावाबाहेरचे उकिरडे, बुजलेल्या विहिरी आणि जुन्या गॅरेजांमागील खड्डे विसाव्या शतकाचा इतिहास पोटात बाळगून असतात. पाया खोदताना गंजलेला दिवा किंवा चाकाची तबकडी वर येते आणि बहुधा भंगाराच्या भावाने विकली जाते. थोडी चिकित्सा केल्यास तिचे वय पुष्कळदा सांगता येते.

त्यासाठी या भागाचा राजकीय इतिहास ध्यानात ठेवावा. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. शेजारचे सोलापूर मात्र ब्रिटिश मुलखात. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. त्यामुळे क्रमांकपट्टी हा पहिला पुरावा ठरतो. 'एचवाय' अक्षरे हैदराबाद राज्याची. 'एमएच-२५' असा जिल्हा-संकेत असलेली पट्टी १ जुलै १९८९ नंतरची, कारण मोटार वाहन कायदा, १९८८ त्या दिवशी अमलात आला.

सार्वजनिक वाहतूक

निजामाच्या रेल्वेने जून १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी रस्ता वाहतूक सुरू केली. मराठवाड्यातील सरकारी बससेवा १९६१ मध्ये महाराष्ट्राच्या एसटी महामंडळात विलीन झाली. बसच्या सुट्या भागावर कोणत्या सेवेची खूण आहे, यावरून काळाची एक सीमा निश्चित होते.

निर्मात्याची खूण

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे गाड्यांची जुळणी सुरू केली. फोर्डचीही जुळणी येथे होत असे. पन्नाशीच्या दशकात सरकारी धोरण बदलल्यावर दोघांनी गाशा गुंडाळला. 'टाटा मर्सिडीज-बेंझ' ही जोडखूण असलेला ट्रकचा भाग १९५४ ते १९६९ या सहकार्यकाळाकडे बोट दाखवतो. स्पार्क प्लगवर 'मायको' असेल तर तो १९५१ नंतरचा, कारण बंगळूरची ती कंपनी त्या वर्षी स्थापन झाली. स्कूटरवर 'व्हेस्पा' ऐवजी केवळ 'बजाज' असेल तर ती सर्वसाधारणपणे १९७१ नंतरची मानावी.

घडणीचे पुरावे

नाव पुसले गेले तरी घडण बोलते. पितळी रेडिएटर पहिल्या महायुद्धाच्या आसपासच मागे पडले. फोर्डच्या 'मॉडेल टी'वरून ते १९१७ च्या मॉडेलपासून गेले. फुलीच्या खाचेचे स्क्रू मोटार उद्योगात १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात आले. वेगमापकावर मैल असतील तर तो भाग बहुधा दशमान पद्धतीपूर्वीचा; भारतात ही पद्धत १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. आयएसआय चिन्ह १९५५ पूर्वीच्या वस्तूवर असूच शकत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. भागाचे वय म्हणजे तो टाकला गेल्याचे वर्ष नव्हे. आपल्याकडे वाहने दुरुस्त करून दशकानुदशके वापरली जातात आणि एकाच गाडीत तीन काळांचे भाग सापडतात. म्हणून सोबतच्या वस्तू पाहाव्यात. त्याच थरात 'नया पैसा' सापडला, तर तो थर १९५७ पूर्वीचा नाही. न ढवळलेला थर त्यातील सर्वांत नव्या वस्तूच्या काळापूर्वीचा असू शकत नाही.

जतन आणि दक्षता

सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईत भारतीय सैन्य सोलापूरहून नळदुर्गमार्गे हैदराबादकडे गेले. त्या मार्गावर लष्करी वाहनाचा भाग मिळाल्यास नवल नाही. परंतु गोळा वा काडतुसासारखी वस्तू दिसल्यास हात न लावता पोलिसांस कळवावे. संरक्षित स्मारकांच्या परिसरात विनापरवाना खोदणे गुन्हा आहे, तर शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होऊ शकतो.

सापडलेल्या भागावर ॲसिड किंवा तारेचा ब्रश चालवू नये. ओतीव अक्षरेच नाहीशी होतात. आधी जागेवरच छायाचित्र घ्यावे, खोली व सोबतच्या वस्तू टिपून ठेवाव्यात, मगच माती मऊ ब्रशाने झाडावी. जागेची नोंद हरवली की लोखंड उरते, पण त्याचा इतिहास जातो. भट्टीत गेलेल्या भागाचे मात्र काहीच उरत नाही.