भूमध्य समुद्रातील नौकाविहार : आदिलाबादच्या प्रवाशाने करावयाची पूर्वतयारी

आदिलाबाद जिल्ह्याला समुद्र नाही. सीमेवर पैनगंगा वाहते, जिल्ह्यात सातनाला आणि मत्तडीवागू यांचे जलाशय आहेत. पूर्वेचा किंवा पश्चिमेचा, कोणताही किनारा गाठायचा तर शेकडो किलोमीटर जावे लागते. तरीही बेला, जैनद, तामसी, तलामडुगू या मराठी वस्तीच्या मंडलांतील घरांमधून हैदराबादला आणि तेथून युरोपला गेलेली मुले आईवडिलांना बोलावून घेतात, आणि त्या सहलीच्या कार्यक्रमात आठवडाभर शिडाच्या बोटीवर राहण्याचा बेतही असू शकतो. ज्याने पुराचे पाणी पाहिले आहे, पण लाट पाहिलेली नाही, अशा प्रवाशासाठी ही माहिती आहे.

प्रथम बोटीविषयी. ग्रीस, क्रोएशिया, इटली, स्पेन व तुर्कस्तान या देशांत 10 ते 15 मीटर लांबीच्या, तीन-चार लहान खोल्यांच्या बोटी भाड्याने मिळतात. भाड्याचा आठवडा बहुधा शनिवारी सुरू होऊन शनिवारीच संपतो. ताशी पाच-सहा सागरी मैलांच्या वेगाने दिवसाकाठी 15 ते 25 सागरी मैल अंतर कापले जाते. एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर. म्हणजे आदिलाबादहून निर्मलला मोटारीने जेवढ्या वेळात पोहोचता येते, तेवढ्यात ही बोट त्याच्या निम्मे अंतरही तोडत नाही. रात्री एखाद्या खाडीत नांगर टाकून किंवा गावच्या धक्क्याला बोट बांधून मुक्काम करतात.

बोट घेण्याचे मार्ग तीन. केवळ बोट घेऊन ती स्वतः चालवणे हा पहिला. बोटीसोबत पगारी कप्तान घेणे हा दुसरा. आणि कंपनीच्या मार्गदर्शक नौकेमागून अनेक बोटींच्या तांड्यात जाणे हा तिसरा. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर ‘गुलेत’ नावाच्या मोठ्या लाकडी नौका पूर्ण खलाशांसह मिळतात. त्यांत प्रवाशाने दोरखंडाला हात लावण्याचीही गरज नसते. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाने कप्तानासह बोट घ्यावी. त्याचे मानधन वेगळे असते, जेवण आपल्याकडे असते, आणि झोपण्याची एक जागाही त्याला द्यावी लागते. आठ जागांच्या बोटीत आठ नातेवाईक भरले की कप्तानाने निजायचे कोठे, हा प्रश्न धक्क्यावर उभे राहून सोडवण्याचा नाही.

स्वतः बोट चालवायची असेल तर कायद्याचा प्रश्न येतो. ग्रीसमध्ये कप्तानाचे मान्यताप्राप्त प्रमाणपत्र लागते, शिवाय बोटीवर दुसरी एक अनुभवी व्यक्ती असावी लागते. क्रोएशियात प्रमाणपत्राबरोबर व्हीएचएफ रेडिओ चालवण्याचा परवानाही मागतात. युरोपात सर्वत्र ओळखले जाणारे ‘इंटरनॅशनल सर्टिफिकेट ऑफ कॉम्पिटन्स’ हे संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या 40 व्या ठरावावर आधारलेले आहे. ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचे ‘डे स्किपर’ प्रमाणपत्रही बहुतेक ठिकाणी चालते. कोणते प्रमाणपत्र त्या देशात ग्राह्य धरले जाईल, याचे लेखी उत्तर अनामत भरण्यापूर्वी कंपनीकडून घ्यावे. बंदरात कागद नाकारला गेला तर भाडे परत मिळण्याची आशा फारशी नसते.

शिक्षणाची सोय आपल्या राज्यातच आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. कुतुबशाही काळात बांधलेल्या हुसेन सागर तलावावर शिडाच्या बोटींच्या शर्यती होतात. सिकंदराबादेतील सैन्याच्या ईएमई केंद्राशी संलग्न सेलिंग असोसिएशन आणि यॉट क्लब ऑफ हैदराबाद या संस्था तेथे काम करतात. तलावावर समुद्राची लाट नाही हे खरे. पण वारा कोठून येतो, शीड केव्हा फडफडते, सुकाणू कोणत्या हाताला वळवले की नाळ कोठे जाते, हे लहान बोटीवर जितके लवकर कळते तितके मोठ्या बोटीवर कळत नाही. 2017-18 मध्ये ‘तारिणी’ या नौकेवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांपैकी ऐश्वर्या बोड्डपाटी या हैदराबादच्याच.

तयारी म्हणजे काय, याचे मराठी माणसाला जवळचे उदाहरण कॅप्टन दिलीप दोंदे यांचे आहे. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या कल्पनेतून निघालेल्या ‘सागर परिक्रमा’ मोहिमेसाठी त्यांनी 2006 मध्ये स्वतःचे नाव दिले. त्यानंतर त्यांनी एकट्याने पृथ्वीला पहिली विनाथांबा प्रदक्षिणा घालणारे सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे काही काळ उमेदवारी केली. गोव्यात दिवाडी बेटावरील गोदीत रत्नाकर दांडेकर यांनी ‘म्हादेई’ ही सुमारे 17 मीटरची नौका बांधली. ती फेब्रुवारी 2009 मध्ये नौदलात आली. 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबईहून निघालेले दोंदे चार बंदरांत थांबत मे 2010 मध्ये परतले. नऊ महिन्यांच्या प्रवासाआधी सुमारे तीन वर्षे तयारीत गेली, आणि नौका बांधली जात असताना तिचा अंतर्भाग ते पाहत होते. आठ दिवसांच्या विहाराला एवढे कोणी मागत नाही. पण जी बोट आपण चालवणार तिची प्रत्येक नळी, झडप आणि पंप कोठे आहे हे निघण्यापूर्वी पाहून घेणे, एवढी गोष्ट त्यांच्यापासून कोणालाही घेता येईल.

ऋतूची निवड हा या विषयाचा गाभा आहे, आणि नेमकी येथेच गफलत होते. आपल्या शाळांची सुट्टी एप्रिल-मेची, युरोपातील गर्दी जुलै-ऑगस्टची. भूमध्य समुद्रात विहाराचा हंगाम साधारण मे ते ऑक्टोबर असतो. मे महिन्यात पाणी थंड असते, पण भाडे कमी आणि बंदरे मोकळी. जुलै-ऑगस्टमध्ये ग्रीसच्या पूर्वेकडील एजियन समुद्रात ‘मेल्तेमी’ हा उत्तरेचा वारा वाहतो. आकाश निरभ्र, ऊन लख्ख, आणि वारा मात्र ब्यूफोर्ट मापनाच्या पाच ते सातव्या श्रेणीपर्यंत. सातवी श्रेणी म्हणजे ताशी 28 ते 33 नॉट. आपल्याकडे वादळ म्हटले की काळे ढग आठवतात. ढग नसलेल्या वादळी वाऱ्याची सवय आपल्या डोळ्यांना नाही. फ्रान्सच्या दक्षिणेस ‘मिस्त्राल’ आणि एड्रियाटिक समुद्रात डोंगरावरून कोसळणारा ‘बोरा’ हे त्याचेच भाऊबंद. नवख्याने ग्रीसच्या पश्चिमेचा आयोनियन समुद्र निवडावा. तेथे सकाळ शांत असते आणि दुपारी मध्यम वारा सुटतो. बेत आखताना एक-दोन दिवस मोकळे ठेवावेत, म्हणजे वारा चढला तर बंदरात बसून राहता येते. शनिवारी सकाळी बोट परत करायची आणि त्याच दुपारचे विमान, असा हिशेब करणारे प्रवासीच नको त्या वाऱ्यात बाहेर पडतात.

या समुद्राला भरती-ओहोटी नाममात्र आहे; मुंबईच्या किनाऱ्याला उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते, तेथे बहुतेक ठिकाणी फूटभरच. त्यामुळे बोटी धक्क्याला आडव्या न लावता, नाळेकडून नांगर टाकून मागच्या बाजूने बांधतात. कप्तान सोबत असला तरी दोर फेकणे हे काम प्रवाशांच्याच वाट्याला येते.

कागदपत्रांत शेंगेन व्हिसा मुख्य. जेथे मुक्काम अधिक, त्या देशाकडे अर्ज करावा. अनेक देशांची अर्जकेंद्रे हैदराबादेत आहेत. अर्ज सहलीच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि पंधरा दिवस उरेपर्यंत तो द्यावाच लागतो. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. त्यात नौकाविहार वगळलेला नाही ना, हे बारीक अक्षरांत पाहावे. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेन क्षेत्रात आहे, तुर्कस्तान नाही. ग्रीसच्या कोस बेटावरून तुर्कस्तानचे बोद्रुम अगदी समोर दिसते; पण तेथे जाऊन परतायचे तर एकाहून अधिक वेळा प्रवेशाचा शेंगेन व्हिसा आणि तुर्कस्तानचा वेगळा व्हिसा हवा.

सामानात कडक सुटकेस नको, कारण बोटीत ती ठेवायला जागाच नसते. घडी होणारी कापडी पिशवी न्यावी. डाग न पडणाऱ्या तळव्यांचे बूट, टोपी, आणि एक स्वेटरही घ्यावा. आदिलाबादच्या मे महिन्यातून निघालेल्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल, पण ओल्या वाऱ्यात संध्याकाळी हुडहुडी भरते. खाण्याचे नियम कडक आहेत : युरोपीय संघात बाहेरून मांस व दुग्धजन्य पदार्थ आणण्यास बंदी असल्याने साजूक तूप, पेढे, खव्याची मिठाई घरीच ठेवावी. ताज्या मिरच्या व कढीपत्ता यांनाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. ज्वारीचे पीठ, डाळी, तिखट-मसाले नेता येतात. विमान दुबईमार्गे असेल तर खसखस घातलेला मसाला मुळीच नेऊ नये. तेथे खसखस अमली पदार्थांत गणली जाते.

पोहता येत नसेल तर दोन-तीन महिने आधी शिकण्यास आरंभ करावा. ज्याला जमणार नाही त्याने डेकवर असताना सतत लाइफजॅकेट घालावे आणि त्यात संकोच मानू नये. बोट लागण्याच्या त्रासावर गोळ्या आहेत, पण त्या मळमळ सुरू झाल्यावर नव्हे, निघण्यापूर्वी घ्याव्या लागतात. रक्तदाबाचे अथवा काचबिंदूचे औषध चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नयेत. त्रास होऊ लागल्यास खाली खोलीत न जाता उघड्यावर बसून क्षितिजाकडे पाहावे.

बोट ताब्यात घेताना यादीप्रमाणे प्रत्येक वस्तू तपासून ओरखड्यांचीही छायाचित्रे काढावीत, कारण अनामत रक्कम त्यावर अवलंबून असते. जीवरक्षक तराफा, अग्निशामक, प्रकाशबाण कोठे आहेत हे सर्वांना दाखवावे. रेडिओवरील संकटकाळाची वाहिनी 16 आहे. ‘मेडे’ हा शब्द तीनदा उच्चारून बोटीचे नाव, ठिकाण, संकटाचे स्वरूप व माणसांची संख्या सांगावयाची असते. हे वाक्य कागदावर लिहून रेडिओजवळ चिकटवावे, आणि कप्तानाखेरीज आणखी एकाला तरी, शक्य तर घरातील इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला, ते म्हणून दाखवायला लावावे.