बुद्धिबळाच्या पटावरील हत्ती

बुद्धिबळाच्या मराठी पटावर चारही कोपऱ्यांत हत्ती उभे असतात. हत्ती, रथ, घोडदळ व पायदळ या प्राचीन भारतीय सैन्याच्या चार अंगांवरून या खेळाच्या पूर्वरूपास ‘चतुरंग’ हे नाव पडले. त्यांपैकी हत्ती व रथ ही त्या काळातील अवजड युद्धसाधने होत. महाभारतातील गणनेप्रमाणे ‘पत्ती’ या सर्वांत लहान सेनाविभागात एक हत्ती, एक रथ, तीन घोडे व पाच पदाती असत. द्विपक्षी चतुरंगात मात्र प्रत्येक पक्षास दोन हत्ती, दोन रथ, दोन घोडे व आठ प्यादी मिळतात; म्हणजे घोडदळाचा वाटा घटून अवजड साधनांचा वाढला आहे. पट हा सैन्याचा नकाशा खरा, पण प्रमाणबद्ध नव्हे.

रणांगणावरील हत्तीची कामे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नोंदलेली आहेत. सैन्याच्या पुढे चालणे, नवी वाट पाडणे, पाण्यातून उतार करणे, शत्रूची दाट फळी फोडणे, तट व दरवाजे पाडणे ही त्यांतील प्रमुख होत. सेल्युकसने चंद्रगुप्त मौर्याशी केलेल्या तहात ५०० हत्ती मिळविले, यावरून परदेशी सेनापतींनाही त्यांचे मोल पटले होते, हे उघड आहे. या साधनात एक मोठा दोषही होता. जखमी झालेला किंवा बिथरलेला हत्ती शत्रू व मित्र असा भेद करीत नसे. इ. स. पू. ३२६ मध्ये झेलमच्या लढाईत पोरसाच्या हत्तींनी आधी मॅसिडोनियन फळीत हाहाकार माजविला. मागाहून घेरले जाताच त्यांनी स्वपक्षाचेही सैनिक तुडविले.

पटावरील हत्तीत हा दोष नाही, मात्र आरंभी त्याची चाल आजच्याइतकी बलवान नव्हती. अल्‌-बीरूनीने सु. १०३० मध्ये चौघांनी फासे टाकून खेळावयाच्या भारतीय खेळाचे वर्णन केले आहे. त्यात हत्ती एक घर सरळ पुढे किंवा चारही तिरप्या दिशांना एकेक घर जातो. ही पाच घरे म्हणजे त्याची सोंड व चार पाय, असे अल्‌-बीरूनी सांगतो. इराणी-अरबी शतरंजमध्ये ‘फील’ तिरपी दोन घरे उडी मारतो. त्यामुळे ६४ पैकी अवघ्या ८ घरांवरच तो कधीकाळी पोहोचू शकतो. तेथे सरळ रेषेत कितीही घरे जाण्याचे सामर्थ्य ‘रुख’ म्हणजे रथाकडे होते. उत्तरकालीन देशी खेळात रथ पटावरून नाहीसा झाला. त्याचा कोपरा व त्याची चाल हत्तीला मिळाली आणि राजा-वजिरांच्या शेजारी उंट आला. मोकळ्या पटावर असा हत्ती कोणत्याही घरातून १४ घरांवर मारा करतो. ही चाल पाहता तो प्राण्यापेक्षा तोफेच्याच अधिक जवळ आहे. प्रत्यक्षात १५२६ मध्ये पानिपत येथे बाबराच्या तोफा व बंदुका यांपुढे इब्राहिमखान लोदीचे हत्ती निष्प्रभ ठरले. पुढेही हत्ती सैन्यात राहिले, पण फळी फोडण्यापेक्षा सेनापतीचे आसन आणि तोफा ओढणारे जनावर म्हणून.

चीनमधील बुद्धिबळात तोफेला स्वतंत्र मोहरे आहे. मध्ये असलेल्या एका मोहऱ्यावरून उडी घेऊनच ते मारा करते. तेथील हत्तीला पटावरील नदी ओलांडण्यास मज्जाव आहे. यूरोपात रथाचा बुरूज झाला. बुद्धिबळाच्याच आधारे हेल्विग याने १७८० मध्ये जर्मनीत युद्धखेळ रचला व त्यात तोफखाना आणला. प्रशियात राइसव्हिट्स पितापुत्रांनी १८१२ ते १८२४ या काळात नकाशा व फासे यांवर आधारलेला युद्धखेळ सिद्ध केला. त्यात तोफेचा परिणाम अंतर व फासा यांवर अवलंबून असे. यंत्राच्या बेभरवशाला येथे पुन्हा जागा मिळाली.

‘मुलूख-ए-मैदान’सारखी सु. ५५ टनांची तोफ १५४९ मध्ये अहमदनगर येथे ओतली गेली. तरी देशी पटावर तोफ आली नाही. कोकणात तर हत्तीलाही फारसा वाव नव्हता. मालवण तालुक्यातील मसुरे येथील भरतगड हे त्याचे चांगले उदाहरण आहे. पाण्याच्या अभावी शिवाजी महाराजांनी ही टेकडी किल्ल्यासाठी नापसंत केली, असे सांगतात. पुढे वाडीच्या फोंड सावंताने खडक फोडून विहीर खणली, १७०१ मध्ये पाणी लागले आणि मग किल्ला उभा राहिला. जेथे शिबंदीच्याच पाण्याची ही स्थिती, तेथे दिवसाला शंभराहून अधिक लिटर पाणी पिणारे जनावर पोसणे अवघडच. या किनाऱ्यावरील खरी अवजड युद्धसाधने म्हणजे तोफा वाहणारी गुराबे व गलबते. बंगालमध्ये कोपऱ्यातील मोहऱ्यास ‘नौका’च म्हणतात, दर्यावर्दी कोकणाने मात्र घाटावरचा हत्तीच कायम ठेवला. १८१८ मध्ये भरतगड इंग्रजांच्या ताब्यात गेला.