कैरोच्या बाजारात विकलेले घोडे

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा इजिप्त आणि पॅलेस्टाइनमधल्या ब्रिटिश फौजांपुढे एक अवघड हिशेब उभा राहिला. शिपायांना घरी न्यायलाच जहाजं पुरत नव्हती, मग घोड्यांसाठी जागा कुठून काढायची? खर्च अफाट होता आणि जनावरांबरोबर साथीचे रोग मायदेशी येण्याची धास्तीही होती. या घोड्यांनी सिनाईचं वाळवंट पार केलं होतं. अशाच घोड्यांवरून ३१ ऑक्टोबर १९१७ रोजी ऑस्ट्रेलियन स्वारांनी बीरशेबावर धडक मारली होती. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि म्हैसूरचे भालाईत हैफात घुसले, तेही घोड्यावरूनच. युद्धाने त्यांना मोठेपणा दिला आणि शांततेने लिलावात उभं केलं.

म्हातारे आणि जायबंदी घोडे गोळी घालून संपवले गेले. काही ब्रिटिश आणि हिंदी पलटणींकडे वर्ग झाले. उरलेले हजारो इजिप्तच्या बाजारात विकले गेले.

फ्रान्स आणि बेल्जियमच्या आघाडीवर काय झालं, तेही इथे सांगायला हवं. तिथे लष्करी पशुवैद्यांनी घोड्यांची वय आणि तब्येत पाहून वर्गवारी केली. तरणेताठे मायदेशी जायचे, मध्यम प्रतीचे तिथल्या शेतकऱ्यांना विकले जायचे आणि अगदी खंगलेले खाटकाकडे. जहाजांअभावी घोडे अडकून पडले तेव्हा युद्धमंत्री विन्स्टन चर्चिल संबंधित खात्यांवर चांगलेच कडाडले आणि मग वाहतुकीला वेग आला. कैरोतल्या घोड्यांच्या वाट्याला असा कोणी कडाडणारा मंत्री आला नाही. ऑस्ट्रेलियातून सव्वा लाखाहून अधिक घोडे या युद्धासाठी बाहेर पडले. परत गेला तो एकटा सँडी, गॅलिपोलीत प्राण गमावलेल्या जनरल ब्रिजेस यांचा घोडा. ऑलिव्हर होग या ऑस्ट्रेलियन स्वाराने मागे राहणाऱ्या घोड्यांवर एक कविता लिहिली. आपला घोडा कैरोत हाल सोसत राहण्यापेक्षा त्याला आपल्याच हाताने गोळी घातलेली बरी, असा तिचा आशय आहे. पुढे काय होणार, हे शिपायांना पक्कं ठाऊक होतं.

पॅलेस्टाइनमधल्या ब्रिटिश फौजेत ‘पूना हॉर्स’ आणि ‘डेक्कन हॉर्स’ ही हिंदी रिसाल्यातली पथकंही होती. १९१८मध्ये ती फ्रान्सहून पॅलेस्टाइनच्या आघाडीवर आली. पूना हॉर्सची मुळं १८१७च्या पुणे तहानंतर पेशव्यांच्या खर्चाने उभ्या राहिलेल्या घोडदळात आहेत. ब्रिटिशांच्या हिंदी रिसाल्यात बऱ्याच ठिकाणी शिलेदारी पद्धत चालू होती. मराठी वाचकाला ती नवी नाही. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई, तर बारगिराच्या बुडाखाली सरकारी घोडा असे. घोडा मेला किंवा निकामी झाला, तर शिलेदाराचं घर बुडायची वेळ येई. त्यामुळे घोड्याच्या दाण्या-वैरणीत आणि खराऱ्यात त्याचा जीव अडकलेला असायचा. महायुद्धात घोडे इतके मेले की ही पद्धत टिकली नाही आणि युद्धानंतर ती मोडीत निघाली. घोडा सगळीकडे सरकारी मालमत्ता झाला. उपयोग संपलेली मालमत्ता विकून टाकायची, हा सरकारी शिरस्ता.

कैरोत हे घोडे ज्यांनी घेतले ते बहुतेक गरीब गाडीवान होते. दगडाच्या, विटांच्या, मालाच्या गाड्या ओढायला त्यांना स्वस्त जनावर हवं होतं. थंड मुलखात वाढलेला उंचापुरा घोडा तिथल्या उन्हात, माश्यांत आणि अपुऱ्या चाऱ्यावर जुंपला गेला. साज लहान चणीच्या जनावरांच्या मापाचा, त्यामुळे खांद्यांवर आणि पाठीवर जखमा होत. जखम भरायला विश्रांती लागते. पण गाडीवानाचं पोट रोजच्या फेरीवर चालत असल्याने ती मिळत नसे. पुढे जागतिक मंदी आली, इजिप्तच्या कापसाचे भाव कोसळले आणि माणसाच्याच ताटात काही उरलं नाही. घोड्याला कुठून मिळणार?

१९३०मध्ये ब्रिगेडियर जेफ्री ब्रुक यांची नेमणूक कैरोतल्या घोडदळाच्या ब्रिगेडवर झाली. त्यांच्या पत्नी डोरोथी ब्रुक तेव्हा सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. घोड्यांत वाढलेल्या या बाईंनी इजिप्तला येतानाच मनात एक प्रश्न आणला होता: बारा वर्षांपूर्वी विकलेल्या त्या घोड्यांपैकी कोणी जिवंत आहे का? ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या वर्तुळातून त्यांना फारसं उत्तर मिळालं नाही. लष्करात चाकरी केलेला घोडा ओळखायची मात्र एक खूण होती. त्याच्या अंगावर बाणाचा सरकारी डाग असायचा. हाडं वर आलेल्या, केस झडलेल्या कातडीवरही तो डाग टिकून होता.

जनावरांवरच्या क्रौर्याविरुद्ध काम करणाऱ्या कैरोतल्या संस्थेच्या तबेल्यात त्यांना असा पहिला घोडा दिसला. त्याचं नाव ‘ओल्ड बिल’ पडलं. पाय वाकडे झालेले, उभं राहणंही जिवावर आलेलं. ब्रुक बाईंनी तो मालकाकडून विकत घेतला आणि त्याचे हाल संपवले. शहरात असे आणखी किती आहेत, याचा शोध मग सुरू झाला.

१६ एप्रिल १९३१ला लंडनच्या ‘मॉर्निंग पोस्ट’मध्ये त्यांचं पत्र छापून आलं. आपल्या सैन्याचे शेकडो घोडे कैरोच्या रस्त्यांवर अजून राबत आहेत, सगळे विशीच्या आसपासचे किंवा त्यापुढचे आहेत, त्यांना विकत घेऊन सोडवायला पैसे हवेत, असं साधं सरळ आवाहन होतं. इंग्लंडमध्ये घरोघरी कोणीतरी युद्धात गेलेलं होतं आणि त्याच्या आठवणींत एखादा घोडा होताच. पैशांचा ओघ सुरू झाला. ब्रुक बाईंनी समिती नेमली आणि घोड्यांची खरेदी हाती घेतली. चारेक वर्षांत सुमारे ५००० घोडे विकत घेतले गेले.

या खरेदीत एक मोठं शहाणपण होतं. गाडीवानाचा घोडा काढून घेतला तर त्याच्या घरची चूल विझते, हे त्यांना कळलं होतं. म्हणून मालकाला असा भाव दिला जाई की त्याला दुसरं, तरुण जनावर घेता यावं. समोरच्या माणसाला क्रूर ठरवून त्याच्याशी भांडणं त्यांना सोपं होतं. पण त्यांनी त्याची गरिबी पाहिली. आज घोडे सोडवायला निघणाऱ्या कित्येकांना एवढी दृष्टी नसते.

विकत घेतलेल्या घोड्यांचं पुढे काय झालं, हा या कहाणीतला सगळ्यात कठीण भाग. बहुतेकांना काही दिवस विश्रांती, पोटभर चारा-पाणी आणि अंगाखाली मऊ पेंढा मिळाला. त्यानंतर त्यांना वेदना न होता मारण्यात आलं. आंधळे, लंगडे, सांधे सुजून उभं राहता न येणारे हे घोडे हिरव्या कुरणात मोकळे सोडता येण्याच्या पलीकडे गेले होते. निराधार घोड्याला नवं घर मिळालं, असं म्हटलं की डोळ्यांसमोर कुरण येतं. कैरोत त्या घराचा मुक्काम काही दिवसांचा होता. असं असूनही ब्रुक बाईंचा निर्णय बरोबर होता. त्या घोड्यांना आणखी दोन वर्षं गाडी ओढत ठेवणं किंवा फक्त जिवंत ठेवण्याच्या समाधानासाठी दुखण्यात उभं ठेवणं, यातून भलं झालं असतं ते माणसाच्या मनाचं.

हे वाचताना मराठी किंवा गुजराती वाचकाच्या मनात खळबळ होणं साहजिक आहे, कारण आपल्याकडची वाट वेगळी होती. मुंबईत इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारायला सुरुवात केल्यावर १८३२मध्ये दंगल झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीशेठ अमीचंद यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरापोळ उभा राहिला. निरुपयोगी झालेल्या जनावराला मरेपर्यंत पोसायचं, ही तिथली रीत. पुढे शहरात जनावरांवरच्या क्रौर्याला प्रतिबंध करणारी मंडळी स्थापन झाली आणि दिनशा पेटिट यांच्या देणगीतून परळला त्यांच्या पत्नीच्या नावाने बाई साकरबाई जनावरांचं रुग्णालय सुरू झालं. तिथेच १८८६मध्ये मुंबईच्या पशुवैद्यक महाविद्यालयाची सुरुवात झाली. जगवणं आणि मुक्त करणं यातला वाद तेव्हापासून चालू आहे. ब्रुक बाई कैरोला पोचण्याच्या दोनच वर्षं आधी, १९२८मध्ये, गांधीजींनी साबरमती आश्रमातल्या तडफडणाऱ्या वासराला मरण द्यायला लावलं, तेव्हा देशभर केवढा गदारोळ उठला होता!

इंग्लंडमध्ये तिसरी वाटही आधीच निघाली होती. ॲन लिंडो या बाईंनी ॲना स्यूएल यांच्या ‘ब्लॅक ब्यूटी’ या कादंबरीने प्रभावित होऊन १८८६मध्ये थकलेल्या घोड्यांसाठी विश्रांतिगृह काढलं. लंडनचा गाडीवान आपला दमलेला घोडा तिथे ठेवी आणि तो बरा होईपर्यंत संस्था त्याला दुसरा घोडा वापरायला देई. घोड्याला सुट्टी आणि मालकाची रोजी चालू. शतकाहून अधिक काळ लोटला, तरी याहून नेटकी योजना सापडणं कठीण आहे.

ब्रुक बाईंच्या कामाची दिशाही पुढे तशीच बदलली. युद्धातले घोडे आज ना उद्या संपणार होते. पण रस्त्यावरचे इतर घोडे, गाढवं, खेचरं तितक्याच हालात होती. १९३४मध्ये त्यांनी कैरोच्या सय्यदा झैनब भागात ‘ओल्ड वॉर हॉर्स मेमोरियल हॉस्पिटल’ सुरू केलं. गरिबांच्या जनावरांवर तिथे मोफत उपचार होऊ लागले. घोडा टाकून देण्याची पाळीच येऊ नये, म्हणून त्याच्या मालकाला मदत करायची, हे नवं सूत्र. ब्रुक बाई १९५५मध्ये कैरोतच वारल्या. त्यांच्या नावाची संस्था आज भारतासह अनेक देशांत वीटभट्ट्यांवरच्या आणि टांग्यांच्या घोड्या-खेचरांसाठी काम करते.

मुंबईला हा धडा उशिरा आठवला. या शहराची पहिली ट्राम घोड्यांच्या जिवावर चालली. ९ मे १८७४ रोजी कुलाबा ते पायधुणी घोड्यांची ट्राम धावू लागली आणि कंपनीच्या तबेल्यांत शेकडो घोडे बांधले गेले. १९०७मध्ये विजेची ट्राम आली. व्हिक्टोरिया गाड्या मात्र राहिल्या. आधी भाड्याच्या गाड्या म्हणून, नंतर नरिमन पॉइंट आणि गेटवेच्या परिसरात पर्यटकांना फिरवायला. डांबरी रस्ता, रात्रीची वर्दळ, अंधारे ओलसर तबेले, घासून सपाट झालेले नाल, हे सगळं न्यायालयासमोर आलं. ८ जून २०१५ला मुंबई उच्च न्यायालयाने केवळ करमणुकीसाठी चालणाऱ्या या गाड्या वर्षभरात बंद करायला सांगितलं आणि गाडीवाल्या कुटुंबांच्या पुनर्वसनाची योजना आखण्याचा आदेश सरकारला दिला. रोख मदत आणि फेरीवाल्याचा परवाना यांवर बरीच वर्षं घासाघीस चालली. २०२१मध्ये बॅटरीवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया दक्षिण मुंबईत दिसू लागल्या.

गाडी बदलता येते, माणसाला दुसरा धंदा काढून देता येतो. घोड्याचं काय? त्याचं आयुष्य पंचवीस-तीस वर्षांचं. दिवसाला आठ-दहा किलो वैरण, तीसेक लिटर पाणी, दर सहा ते आठ आठवड्यांनी खुरांची छाटणी, दातांची तपासणी. गाडीला जुंपलेला घोडा हा खर्च स्वतः कमावतो, थांबलेल्या घोड्याचा खर्च कोणाला तरी उचलावा लागतो. हौसेने घोडा दत्तक घेणारी माणसं पहिल्या पावसाळ्यातच हात टेकतात, ती या हिशेबापायी. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने जनावर उपाशी-तहानेलं राहील अशा स्थितीत त्याला टाकून देणं हा गुन्हा ठरवला आहे. पण कायद्याने वैरणीची पेंढी येत नाही.

हाच प्रश्न आता माथेरानच्या घाटमाथ्यावर येऊन ठेपला आहे. मोटारींना बंदी असल्याने तिथे माणसं आणि सामान पिढ्यान्‌पिढ्या घोड्यांनी वाहिलं. आता ई-रिक्षा सुरू झाल्या आहेत आणि हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या दृष्टीने ती सुटकाच आहे. घोड्यांचं काम मात्र यापुढे कमी होत जाणार. माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी इथल्या प्रत्येक घोड्याच्या परवान्याबरोबर त्याच्या म्हातारपणासाठी आजपासूनच थोडी रक्कम बाजूला काढली जावी, त्यात पर्यटकाच्या भाड्यातला आणि पालिकेचा वाटा असावा आणि काम संपलेल्या घोड्यासाठी तालुक्यात कुरण राखून ठेवावं. नगरपालिकांनी आणि राज्याच्या पशुसंवर्धन खात्याने हे घोडे रस्त्यावर येण्याआधी करायला हवं.