पाळीव मांजरांचा मोकळा वावर : धोके व उपाय

घरी सांभाळलेल्या मांजराने देखरेखीविना घराबाहेर फिरणे ही महाराष्ट्रात खेड्यापासून शहरातल्या सोसायट्यांपर्यंत रूढ रीत आहे. दूध-पोळी आणि मासे घरात, बाकी सारे मांजराच्या मर्जीवर. वाहनांची वर्दळ आणि दाट वस्ती यांमुळे आज ही रीत मांजराच्या हिताची राहिलेली नाही. मांजराला होणारी इजा आणि मांजराकडून इतर जिवांना होणारी इजा या दोन्ही एकाच मोकळिकीतून येतात. म्हणून मांजरावर प्रेम असलेल्यांनी आणि पक्ष्यांची काळजी असलेल्यांनी परस्परांना विरोधक मानण्याचे कारण नाही.

इंग्लंडमधील पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या नोंदींवरून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांजरांच्या मृत्यूच्या कारणांत शारीरिक आघात सर्वांत वर होता, १२.२ टक्के. पाच वर्षांखालील मांजरांत हेच प्रमाण निम्म्याच्या जवळ जाते, आणि त्यात रस्त्यावरच्या धडका मोठ्या संख्येने आहेत. म्हणजे धोका म्हाताऱ्या मांजरापेक्षा धडधाकट, तरुण मांजराला अधिक. बोक्यांच्या भांडणातली इजा तर बाहेरून दिसतही नाही. मांजराचा सुळा बारीक असतो. तो कातडीतून आत जाऊन बाहेर येतो आणि वरचे टाचणीएवढे भोक लवकर मिटते. तोंडातले जिवाणू मात्र आत कोंडले जातात. दोन-तीन दिवसांनी मांजर लंगडू लागते, खाणे सोडते, अंग तापते, आणि केस बाजूला केल्यावर तिथे पू भरलेले गळू हाताला लागते. अशाच चाव्यातून मांजरांची प्रतिकारशक्ती खच्ची करणारा एफआयव्ही हा विषाणू पसरतो. तो माणसाला होत नाही, पण मांजराची सोबत आयुष्यभर सोडत नाही. शेजाऱ्याने उंदरांसाठी ठेवलेले औषध, कुत्र्यांची टोळी, साप ही भर वेगळीच. आपल्याकडे आणखी एक शिकारी आहे. अकोले तालुक्यातल्या ऊसपट्ट्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के आणि त्याखालोखाल पाळीव मांजरांचा १५ टक्के निघाला. शेळ्या त्याही मागे होत्या.

मांजर पोटभर खाऊनही शिकार करते, हा या विषयाचा कळीचा मुद्दा. झडप घालण्याची प्रेरणा भुकेवर फारशी अवलंबून नसते, त्यामुळे ‘आमची मनी घरी भरपूर खाते, ती कशाला कुणाला मारेल’ हा भरवसा टिकत नाही. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात मांजरांच्या गळ्यात छोटे कॅमेरे बांधून केलेल्या पाहणीत, मारलेल्या शिकारीपैकी जेमतेम २३ टक्के शिकार घरी आणली गेली. जवळपास निम्मी जागच्या जागी टाकून दिली होती. मालकाला दिसते ते नुकसानीचे एक टोक. त्याच देशात मोकळी मांजरे दरवर्षी १.३ ते ४ अब्ज पक्षी मारतात, असा २०१३ चा अंदाज आहे. हे आकडे जसेच्या तसे भारताला लावणे चुकीचे ठरेल, शिवाय त्यातला मोठा वाटा बेवारस मांजरांचा आहे. पण सहा देशांतल्या ९२५ पाळीव मांजरांच्या जीपीएस नोंदींतून दिसलेली गोष्ट इथेही विचारात घेण्याजोगी आहे: बहुतेक मांजरे घरापासून शंभर मीटरच्या आतच असतात. परिणाम थोड्याशा जागेत एकवटतो, आणि परसातल्या जास्वंदीत घरटे केलेला बुलबुल, उडायला शिकणारे दयाळाचे पिल्लू आणि झुडपातला सरडा नेमके त्याच जागेत राहतात.

माणसाच्या आरोग्याचा प्रश्न दोन रोगांपुरता पाहू. रेबीज झालेल्या कुत्र्याने चावलेले मांजर तो रोग घरात आणू शकते, म्हणून लस टाळून चालत नाही. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी मांजराला उंदीर, पक्षी किंवा कच्चे मांस खाल्ल्याने होतो. त्यामुळे शिजवलेले अन्न खाऊन घरातच राहणाऱ्या मांजराकडून धोका अगदी कमी. या परजीवीच्या भीतीने, घरात गर्भवती स्त्री आहे म्हणून मांजर दूर सोडून येणे हा अन्याय आहे आणि अनावश्यकही. ताजी विष्ठा लगेच संसर्गकारक नसते, त्याला किमान एक दिवस लागतो. घरातल्या दुसऱ्या कुणी रेतीचा ट्रे रोज साफ केला आणि हात धुतले, की पुरे.

आक्षेप घेतला जातो की मांजर हा मुळात शिकारी प्राणी, त्याला कोंडणे क्रूर आहे. या आक्षेपात तथ्य आहे. नुसते दार लावून घेतले, तर मांजर लठ्ठ होते, कंटाळते, आणि ताणामुळे मूत्राशयाचे विकारही उद्भवतात. पण त्यावरचा इलाज रस्ता नव्हे. घर मांजराजोगे करणे हा आहे: चढायला उंच फळी, नख्या घासायला सुंभ गुंडाळलेला खांब, खिडकीला आणि गॅलरीला पक्की जाळी, रोजचा खेळ. २०२१ च्या ब्रिटिश प्रयोगात दिवसाला पाच-दहा मिनिटे खेळवल्याने घरी आणलेली शिकार २५ टक्क्यांनी, तर मांसप्रथिने जास्त असलेल्या आहाराने ३६ टक्क्यांनी घटली. गळ्यातल्या घंटेचा मात्र उपयोग दिसला नाही. दुसरा आक्षेप उंदरांचा. न्यूयॉर्कमधल्या कचरा-प्रक्रिया केंद्रात ७९ दिवस कॅमेरे लावून पाहिले, तेव्हा मांजरांनी दोनच उंदीर मारले. मोठ्या उंदराशी झुंजण्यापेक्षा मांजर सोपे भक्ष्य शोधते. उंदरांचा बंदोबस्त उघडा कचरा झाकल्याने होतो. तिसरी अडचण खरी आहे: कोकणातल्या कौलारू घरात किंवा चाळीत दार सतत उघडे असते, तिथे मांजर पूर्ण आत ठेवणे जमेलच असे नाही. अशा ठिकाणी निदान संध्याकाळच्या जेवणाला मांजर घरात घ्यावे आणि उजाडून पक्ष्यांची पहिली लगबग ओसरेपर्यंत सोडू नये.

नवे पिल्लू आणणाऱ्यांनी त्याला पहिल्या दिवसापासून घरातच वाढवावे. ज्याने बाहेर पाहिलेलेच नाही, त्याला ते सोपे जाते. बाहेरची सवय लागलेल्या मांजराची वेळ हळूहळू कमी करावी. आणि तुमचे मांजर आज बाहेर फिरत असेल, तर पशुवैद्याकडे नेऊन त्याची नसबंदी आणि रेबीजची लस आधी उरकून घ्या. भाटी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते.