स्कंधशूलाच्या निदानाची वाटचाल

हात वर जात नाही, रात्री त्या कुशीवर निजवत नाही, ही रुग्णाची कैफियत वैद्यकाच्या दप्तरी फार पूर्वीपासून रुजू आहे. माधवनिदानात वातव्याधींमध्ये ‘अवबाहुक’ या नावाने तिची नोंदही आहे. पुढे 1872 मध्ये पॅरिसचे शल्यवैद्य द्युप्ले यांनी सांध्याभोवतीच्या ऊतींचा दाह आणि त्यांचे चिकटणे हे या दुखण्याचे मूळ म्हणून मांडले, तेव्हा संशोधनाला नवी दिशा लाभली खरी. पण हळूहळू या दाहाचे ‘पेरिआर्थ्रायटिस’ हे एकच नाव खांद्याच्या हरएक दुखण्याला सरसकट लावले जाऊ लागले, आणि नाव सापडले म्हणजे कारण सापडले, असा समज दृढ झाला.

तो समज मोडून काढण्याचे मोठे श्रेय बोस्टनचे शल्यवैद्य अर्नेस्ट कॉडमन यांचे. दंडाच्या हाडाच्या माथ्याला जडलेली सुप्रास्पायनेटस स्नायूची कंडरा तुटल्यानेही खांदा दुखतो, आणि ती शिवता येते, हे त्यांनी 1911 मध्ये प्रसिद्ध केले. 1934 च्या ‘द शोल्डर’ या ग्रंथात त्यांनी ‘फ्रोझन शोल्डर’ ही संज्ञा रूढ केली, तीही या विकाराची व्याख्या, उपचार आणि उपपत्ती तिन्ही कठीण असल्याची प्रांजळ कबुली देऊन. 1945 मध्ये शल्यवैद्य नेव्हायझर यांनी या विकारात सांध्याचे आवरणच जाड होऊन आकसते, असे दाखवले.

या परंपरेने वैद्याच्या हाताला विवेक दिला. रुग्णाला स्वबळावर हात उचलता येत नाही, परंतु वैद्याने आधार देताच तो वर जातो, तेव्हा संशय कंडरेकडे वळतो. आणि कोपर कुशीला टेकवून पंजा बाहेर वळवताना दुसऱ्याच्या हातानेही तो अडतो, तेव्हा आकसलेल्या आवरणाची शंका बळावते. शिवाय मानेतील दबलेली शीर, पित्ताशय, प्रसंगी हृदयसुद्धा आपली वेदना खांद्यावर प्रकट करते. म्हणून खांद्याची तपासणी खांद्यापाशी संपत नाही.

केलेले निदान खरे ठरले की नाही, हे पाहण्यासाठी प्रत्येक रुग्णाची परिणामापर्यंत नोंद ठेवावी, हा कॉडमन यांचा आग्रह रुग्णालयांच्या कारभाऱ्यांना रुचला नाही, आणि त्यापायी त्यांना प्रतिष्ठा व प्राप्ती दोन्ही गमवावी लागली. पण तोच आग्रह आज सद्वैद्यकाची कसोटी मानला जातो. म्हणून ज्याचा खांदा महिनोन्‌महिने दुखतो आहे, त्याने केवळ दुखण्याच्या नावावर समाधान मानू नये. वैद्याला कारण विचारावे, आणि उपचारानंतर काय घडले, हे त्याला अवश्य कळवावे.